दहा टक्क्यांच्या आत

प्रबंध जमा करायची मुदत जवळ आली की ग्रंथालयात दिवसभर एकच प्रश्न ऐकू येतो: "मॅडम, किती टक्के आले?" कशाचे टक्के, कुठल्या प्रकरणात, कुणाशी जुळलेले, हे सहसा कुणी विचारत नाही. आकडा दहाच्या आत असला की पेढे, अकरा आला की चेहरा पडतो. वाङ्मयचौर्य तपासणीच्या टेबलावर आम्हा लोकांचा निम्मा वेळ एकच गोष्ट समजावण्यात जातो. सॉफ्टवेअर फक्त सारखेपणा मोजतं. ती चोरी आहे का, हे कुणीतरी अहवाल वाचून ठरवायचं असतं, आणि वाचायला वेळ लागतो.

फाइल विद्यार्थ्यानं परस्पर चढवायची नसते. ती मार्गदर्शकाच्या किंवा ग्रंथालयाच्या खात्यातून जाते. विद्यापीठांच्या ग्रंथालयांना जोडणाऱ्या गांधीनगरच्या इन्फ्लिबनेट केंद्राची 'शोधशुद्धी' योजना २०१९ मध्ये सुरू झाली, तेव्हापासून विद्यापीठांना सॉफ्टवेअर तिथून मिळतं. आधी उरकुंड होतं, त्याचंच नाव पुढे ओरिजिनल झालं, नंतर ड्रिलबिट आलं. काही ठिकाणी पदरचे पैसे मोजून टर्निटिन घेतात. कुठलंही असो, फाइल चढवताना एक पर्याय पाहायचाच: ही फाइल सॉफ्टवेअरच्या साठ्यात ठेवायची का? कच्च्या खर्ड्याला 'नको' म्हणायचं. तो साठ्यात गेला तर पुढच्या तपासणीत प्रबंध स्वतःशीच जुळतो आणि अहवालावर ९५ टक्के झळकतात.

हा घोळ बहुतेक वेळा टायपिंगच्या दुकानात होतो. घाबरलेला विद्यार्थी आधीच 'चेक करून' घ्यायला जातो, दुकानदार कुणाच्या तरी खात्यातून फाइल टाकतो आणि ती भलत्याच संस्थेच्या नावानं साठ्यात बसते. मग आमच्याकडच्या अहवालात पहिला स्रोत दिसतो तो परक्या संस्थेतल्या 'विद्यार्थ्याचा पेपर'. ती फाइल काढून घ्यायला त्या खातेदाराचीच संमती लागते, आणि तो कोण हे दुकानदार सांगत नाही. पूर्वतपासणी हवीच असेल तर मार्गदर्शकाला सांगून ग्रंथालयातूनच करून घ्यावी. बहुतेक ग्रंथालयं ती करून देतात.

मराठी प्रबंधांचं वेगळंच दुखणं म्हणजे फॉन्ट. कृतिदेव, श्रीलिपी यांसारख्या जुन्या फॉन्टमध्ये पडद्यावर मराठी दिसतं, पण आत साठवलेली असतात रोमन अक्षरं आणि चिन्हं. कृतिदेवमधला 'शिक्षण' हा शब्द संगणकाच्या लेखी असा: एफ, एकेरी अवतरणचिन्ह, के, महिरपी कंस, के, टिंब, के. सॉफ्टवेअरला याच्याशी जुळणारं जगात काहीच सापडत नाही आणि अहवाल येतो शून्य टक्के. शून्य टक्क्यांचा अहवाल पाहून आनंद होत असेल तर आधी फॉन्ट पाहावा. फाइल युनिकोडमध्ये, म्हणजे मराठी अक्षरं मराठी म्हणूनच साठवणाऱ्या पद्धतीत, बदलून आणावी लागते. बदलल्यावर रफार, 'क्ष' आणि 'ऱ्य' डोळ्यांनी तपासावे लागतात, कारण नेमकं तिथेच रूपांतर फसतं.

दुसरी तपासणी शब्दसंख्येची. वर्डमध्ये ६०,००० शब्द आणि अहवालात ३४,०००, असं दिसलं तर उरलेली पानं चित्रं म्हणून चिकटवलेली असतात. कधी ती स्कॅन केलेली परिशिष्टं असतात आणि त्यात काही गैर नसतं. कधी मात्र अख्खं दुसरं प्रकरण चित्रात असतं.

संदर्भसूची, अनुक्रमणिका, ऋणनिर्देश, नाव देऊन अवतरणात घेतलेला मजकूर, कायद्याची कलमं, प्रमाण समीकरणं हे मोजणीतून वगळायची मुभा विद्यापीठ अनुदान आयोगाच्या नियमातच आहे. सलग १४ शब्दांपर्यंतचा योगायोगाचा सारखेपणाही सोडून द्यायचा असतो. ही मर्यादा इंग्रजी डोळ्यासमोर ठेवून घातली असावी असं आम्हाला नेहमी वाटतं. 'शाळाबाह्य मुलांसाठीच्या योजनांच्या अंमलबजावणीतल्या अडचणी' हे मराठीत पाच शब्द झाले, इंग्रजीत नऊ-दहा होतील. आपल्या विभक्ती आणि शब्दयोगी अव्ययं शब्दालाच चिकटतात, त्यामुळे मराठीतल्या १४ शब्दांत दीड-दोन वाक्यांचा ऐवज आरामात मावतो.

आयोगाचे हे नियम २०१८ चे. १० टक्क्यांपर्यंत शून्य पातळी, शिक्षा नाही. १० ते ४० ही पहिली पातळी: प्रबंध परत, जास्तीत जास्त सहा महिन्यांत सुधारून द्यायचा. ४० ते ६० असेल तर वर्षभर सुधारित प्रबंधही देता येत नाही. ६० च्या वर नोंदणीच रद्द. एवढं सगळ्यांना पाठ असतं. त्याच नियमांतली एक टीप मात्र फारसं कुणी वाचत नाही: सारांश, गृहीतकं, निरीक्षणं, निष्कर्ष आणि शिफारशी हे संशोधकाचं स्वतःचंच असलं पाहिजे, तिथे सारखेपणा चालत नाही. म्हणजे एकूण सहा टक्के आले आणि ते सगळे निष्कर्षांच्या प्रकरणात असले, तर आकड्याच्या आड लपता येत नाही.

आकडा कसा फसवतो ते पाहा. ६०,००० शब्दांच्या एका प्रबंधात ७,८०० शब्द जुळले, १३ टक्के झाले. उघडून पाहिलं तर शासन निर्णयांतले उतारे, प्रमाणित चाचणीतली विधानं, कलमांची भाषा, तीही साठ-सत्तर ठिकाणी विखुरलेली. अवतरणचिन्हं आणि संदर्भ नीट दिले की दोन दिवसांत हा प्रबंध सरळ होतो. दुसऱ्यात ४,८०० शब्द जुळले, म्हणजे आठच टक्के. त्यातले ३,९०० मात्र एकाच स्रोतातून, सलग तेरा पानं. पहिला विद्यार्थी रडत येतो आणि दुसरा प्रमाणपत्र घेऊन जातो, असं कधीच होऊ नये. पण जिथे फक्त पहिलं पान छापून फाइलला लावतात, तिथे ते होतं. म्हणून अहवाल उघडला की एकूण टक्क्यांच्या आधी स्रोतांची यादी पाहायची आणि सगळ्यात मोठा एक स्रोत किती, ते पाहायचं. दोन टक्क्यांच्या वरचा प्रत्येक स्रोत आम्ही मूळ मजकूर शेजारी ठेवून वाचतो. ही दोन टक्क्यांची रेघ आमची, नियमातली नाही.

सगळ्यात मोठा स्रोत बऱ्याचदा त्याच मार्गदर्शकाच्या आधीच्या विद्यार्थ्याचा प्रबंध निघतो. शिक्षणशास्त्र, वाणिज्य, समाजशास्त्र या विषयांत 'संबंधित साहित्याचा आढावा' आणि 'संशोधन पद्धती' ही प्रकरणं वारसाहक्कानं चालत येतात. 'सरांनीच दिलं होतं नमुना म्हणून' हे वाक्य या टेबलावर नवं नाही. अशा उचलेगिरीला सॉफ्टवेअर लागतंच असं नाही. सातारा जिल्ह्यावरच्या प्रबंधात मध्येच 'प्रस्तुत संशोधन नाशिक जिल्ह्यापुरते मर्यादित आहे' असं येतं. 'सारणी क्र. ४.७ पाहा' असं लिहिलेलं असतं आणि चौथ्या प्रकरणात सारण्या पाचच असतात. आढावा २००९ ला येऊन थांबतो, कारण मूळ प्रबंध २०१० चा. सगळ्यात पक्का पुरावा टंकनातल्या चुकांचा. 'प्रमाण विचलन'ऐवजी 'प्रमाण विचलण' अशी एकाची चूक दुसऱ्याच्या प्रबंधात त्याच परिच्छेदात त्याच जागी आली, की खुलासा करायला काही उरत नाही.

टक्के खाली आणण्याचे धंदेही आहेत, पैसे घेऊन 'रिमूव्ह' करून देणारे. त्यांची एक युक्ती म्हणजे अक्षरांच्या मध्ये न दिसणारी जोडचिन्हं पेरणं. पडद्यावर शब्द तोच, संगणकाला वेगळा. आताची सॉफ्टवेअरं याबद्दल इशारा देतात. परिच्छेदाच्या दोन्ही टोकांना पांढऱ्या रंगात अवतरणचिन्हं टाकली की तो परिच्छेद वगळला जातो, ही दुसरी. पान निवडून सगळी अक्षरं काळी केली की चोर सापडतो. तिसरी युक्ती भाषांतराची: मराठी मजकूर यंत्रानं इंग्रजीत न्यायचा आणि परत मराठीत आणायचा. त्यातून बाहेर पडलेलं वाचताना हसावं की रडावं कळत नाही. 'बचत गटा'चा 'स्वयं-मदत गट' होतो. 'भाऊबंदकी'चं 'बंधुत्व' होतं, म्हणजे जमिनीच्या वादावरचा परिच्छेद प्रेमळ होऊन बसतो. इंग्रजीत हाच प्रकार इतका बोकाळला की फ्रान्समधले संगणकशास्त्रज्ञ गियोम कबानाक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२१ मध्ये अशा पिळवटलेल्या शब्दप्रयोगांवरून खोटे शोधनिबंध हुडकून काढायला सुरुवात केली. 'कृत्रिम बुद्धिमत्ते'च्या जागी 'बनावट जाणीव' छापून आलेली त्यांना सापडली. यातली कुठलीही युक्ती पकडली गेली की प्रकरण उलट चिघळतं. निष्काळजीपणा म्हणायची वाट बंद होते आणि हेतू सिद्ध होतो.

कृत्रिम बुद्धिमत्तेकडून लिहून आणलेल्या मजकुराबद्दल २०१८ च्या नियमांत अवाक्षर नाही. मराठीसाठी यंत्राच्या 'हे यंत्रानं लिहिलं' या अंदाजावर आम्ही विसंबत नाही. त्यापेक्षा संदर्भसूचीतले दहा संदर्भ उघडून पाहतो. लेखक खरा, नियतकालिक खरं, पण त्या अंकात त्या पानावर तो लेखच नाही, असं दोनदा झालं की बाकीचं विचारायला मार्गदर्शकांना बोलावतो.

खरा घोटाळा होतो तो तपासणीच्या दोन-तीन वर्षं आधी, टिपणं काढताना. वाचलेलं जसंच्या तसं वहीत किंवा फाइलमध्ये उतरवायचं, पान क्रमांक लिहायचा कंटाळा करायचा, आणि वर्षभरानं ते आपलंच वाक्य आहे असं समजून प्रबंधात टाकायचं. मुद्दाम चोरी करणाऱ्यांपेक्षा या वाटेनं अडकणारे आम्हाला जास्त दिसतात. उपाय साधा आणि कंटाळवाणा आहे. शब्दशः उतरवलं तर तिथल्या तिथे अवतरणचिन्हं आणि पान क्रमांक. आपल्या शब्दांत मांडलं तर समासात 'सा' (सारांश) आणि पान क्रमांक. स्वतःला सुचलं तर 'मी'. या तीन खुणांशिवाय टिपणवहीत एकही ओळ नको.

आपल्या शब्दांत मांडणं म्हणजे काय, इथेही गफलत असते. समजा मूळ वाक्य असं आहे: 'दुष्काळी भागातल्या मुलींची गळती ऑक्टोबरनंतर वाढते, कारण ऊसतोडीसाठी कुटुंबं स्थलांतर करतात आणि लहान भावंडांना सांभाळायला मोठी मुलगी सोबत नेली जाते.' प्रबंधात ते असं येतं: 'अवर्षणग्रस्त क्षेत्रातील विद्यार्थिनींची गळती ऑक्टोबर महिन्यानंतर वाढताना दिसते, कारण ऊसतोडणीकरिता कुटुंबे स्थलांतरित होतात व धाकट्या भावंडांच्या देखभालीसाठी थोरल्या मुलीस सोबत नेले जाते.' शब्द बदलले, सांगाडा तोच. नाव न देता हे घेतलं तर चोरी, आणि नाव देऊनही हे आपलं लेखन नव्हे. पुस्तक मिटून लिहिलं तर असं काहीतरी होतं: 'या अभ्यासकानं (२०१६, पृ. ४४) गळतीचं कारण शाळेत न शोधता साखर कारखान्यांच्या हंगामात शोधलं. प्रस्तुत अभ्यासातल्या गावांत मात्र आजी-आजोबा मागे राहतात, त्यामुळे मुलींची शाळा सुटण्याचं वेळापत्रक वेगळं आहे.' पहिल्या वाक्यात त्याचं श्रेय आहे, दुसऱ्यात तुमचं काम आहे. तसंच इंग्रजी परिच्छेद स्वतः मराठीत आणला म्हणून तो आपला होत नाही. सॉफ्टवेअर तो बहुधा पकडत नाही, बहिःस्थ परीक्षक पकडतो, कारण त्यानं मूळ लेख वाचलेला असतो.

स्वतःच्याच छापलेल्या लेखाचं काय? प्रबंधातून आधी निबंध प्रसिद्ध केला असेल तर तपासणीत तो जुळणारच. मार्गदर्शकाच्या सहीनं त्या निबंधांची यादी जोडली की तेवढा स्रोत वगळता येतो. उलट एकच निबंध नाव बदलून दोन-तीन ठिकाणी छापून बढतीचे गुण मिळवले, तर ते चालत नाही. अशा स्व-पुनर्वापराबद्दल आयोगानं २०२० मध्ये वेगळी सूचनाच काढली.

तक्रार झाली तर पुढची वाट ठरलेली आहे. पहिली विभागीय समिती, तिघांची: विभागप्रमुख, विभागाबाहेरचे एक ज्येष्ठ अध्यापक आणि सॉफ्टवेअर जाणणारा एक. तिनं ४५ दिवसांत शिफारस द्यायची. मग संस्थास्तरीय समिती, चौघांची, त्यांत एक संस्थेबाहेरचा. तिलाही ४५ दिवस. ज्याच्यावर आरोप आहे त्याला बाजू मांडू द्यावीच लागते आणि अहवालाची प्रत द्यावीच लागते. इथे पुरावा म्हणून टक्क्यांचं पान पुरत नाही. दोन स्तंभांचा तक्ता लागतो: डावीकडे प्रबंधातली ओळ व पान, उजवीकडे मूळ ओळ व पान. हा तक्ता करायला आठवडा जातो, आणि तो नसेल तर प्रकरण पहिल्याच बैठकीत लोंबकळतं. आरोप असलेल्यानं सोबत काय न्यावं? तारखा असलेली टिपणं, जुने खर्डे, मार्गदर्शकाशी झालेला ईमेल व्यवहार. चूक अनवधानानं झाली हे सांगायला दुसरं साधन नाही.

नोकरीत असलेल्यांची शिक्षा वेगळी मोजली जाते. शोधनिबंधात १० ते ४० टक्के निघाले तर निबंध मागे घ्यावा लागतो. ४० ते ६० ला एक वार्षिक वेतनवाढ जाते आणि दोन वर्षं नवे संशोधक विद्यार्थी घेता येत नाहीत. ६० च्या वर सलग दोन वेतनवाढी आणि तीन वर्षं. पुन्हा तोच गुन्हा केला तर वरच्या पातळीची शिक्षा, आणि सगळ्यात वरच्या पातळीवर पुन्हा सापडलं तर निलंबन किंवा बडतर्फीपर्यंत मजल जाते. एक वेतनवाढ ऐकायला किरकोळ वाटते. सातव्या वेतन आयोगात सहायक प्राध्यापकाचं मूळ वेतन ५७,७०० पासून सुरू होतं, पुढचे टप्पे ५९,४०० आणि ६१,२००. म्हणजे पहिल्याच टप्प्यावर एक वाढ गेली तर महिन्याला १,७००, दोन गेल्या तर ३,५००, वर महागाई भत्त्याचा फरक वेगळा. पैशांपेक्षा जास्त झोंबतं ते विद्यार्थी न मिळणं, कारण ते साऱ्या विभागाला दिसतं.

'विद्यार्थ्यानं केलं, मला माहीत नव्हतं' हा बचाव मार्गदर्शकाला फारसा तारत नाही. प्रबंध चौर्यमुक्त असल्याचं प्रमाणपत्र त्याच्याच सहीचं असतं. २००२ मध्ये कुमाऊँ विद्यापीठाच्या कुलगुरूंच्या नावावरचा भौतिकशास्त्राचा निबंध स्टॅनफर्डच्या रेनाटा कॅलॉश यांच्या निबंधावरून उचललेला असल्याचं उघड झालं. सहलेखक त्यांचा विद्यार्थी होता. स्टॅनफर्डच्या शास्त्रज्ञांनी थेट राष्ट्रपती अब्दुल कलामांना पत्र लिहिलं आणि २००३ मध्ये कुलगुरूंना पद सोडावं लागलं.

कॉपीराइट कायद्याचा धाक वेगळा, आणि तो यात मिसळू नये. वि. का. राजवाडे १९२६ मध्ये गेले. लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षांनी हक्क संपतो, म्हणून त्यांचं लेखन कुणीही छापू शकतं. पण त्यांचा परिच्छेद नाव न देता आपला म्हणून प्रबंधात घातला तर ते वाङ्मयचौर्यच, कोर्टात कुणी ओढलं नाही तरी. उलट हयात लेखकाचं अख्खं प्रकरण त्याचं नाव देऊन विनापरवानगी छापलं तर चौर्य नाही, पण १९५७ च्या कायद्याच्या कलम ६३ खाली सहा महिने ते तीन वर्षं कैद आणि पन्नास हजार ते दोन लाख दंड होऊ शकतो.

आणखी एक खोड नियमांतच आहे. गृहपाठ, प्रकल्प अहवाल, उत्तरपत्रिका यांना ते लागू नाहीत. पदवीपर्यंत मुलं इंटरनेटवरून उतरवलेला प्रकल्प स्पायरल बाइंडिंग करून देतात आणि गुण मिळवतात. मग पीएच.डी.ला आल्यावर एकदम त्यांच्याकडून अवतरणचिन्हांची अपेक्षा केली जाते.

पदवी मिळाली म्हणजे सुटलो असंही नाही. पदवीनंतर चोरी सिद्ध झाली तर समिती सुचवेल तितका काळ पदवी स्थगित ठेवता येते. त्या पदवीवर मिळालेली नेमणूक, बढती, मार्गदर्शक म्हणून मान्यता, सगळं त्याबरोबर लटकतं. जर्मनीचे संरक्षणमंत्री गुटेनबेर्ग यांचा बायरॉइट विद्यापीठातला प्रबंध सर्वोच्च श्रेणीत उत्तीर्ण झाला होता. २०११ मध्ये इंटरनेटवरच्या स्वयंसेवकांनी तो पानोपान ताडून पाहिला, तेव्हा ३९३ पैकी ३७१ पानांवर उचललेला मजकूर निघाला. फेब्रुवारीत पदवी गेली, १ मार्चला मंत्रिपद. अनेटे शावान यांची पदवी तर १९८० ची. ती २०१३ मध्ये काढून घेतली गेली तेव्हा त्या शिक्षण आणि संशोधन खात्याच्या मंत्री होत्या.

आपल्याकडे पदवी दिल्यावर महिन्याभरात प्रबंधाची प्रत शोधगंगेवर, म्हणजे इन्फ्लिबनेटच्या प्रबंधांच्या ऑनलाइन साठ्यावर, द्यायची असते, आणि ती तिथे कुणालाही उघडता येते. तक्रारी बऱ्याचदा येतात त्या बढतीची किंवा मान्यतेची फाइल फिरत असताना, म्हणजे प्रतिस्पर्ध्याला वाचायला वेळ मिळतो तेव्हा. पाकिटात दोन झेरॉक्स असतात, पिवळ्या पेननं ओढलेल्या. सात-आठ वर्षांपूर्वीचं आमचं प्रमाणपत्र फाइलमध्ये असतंच, नऊ टक्क्यांचं. समिती ते बाजूला ठेवते आणि मूळ अहवालातली स्रोतांची यादी मागते. ती यादी तेव्हा कुणी छापून ठेवलेली नसते.